डावीकडे वळणारी घोडी

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू म्हणशील, भिंगरीने पत्र लिहिलंय म्हणजे तिला काहीतरी हवंय. भाऊजी म्हणतील, आधी फोड तरी. दोघंही बरोबर आहात. मला एक गोष्ट हवी आहे, पण ती अगदी शेवटी सांगणार. आधी सांगितली तर तू मधलं काहीच वाचणार नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय ती तुला देता यायची नाही. तेव्हा बसून वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तुला माझा श्वास ऐकू येतो. खुर्चीतून उठताना मी बोलता बोलता जराशी थांबले की तू लगेच विचारतेस, दुखतंय ना. पत्रात मी कितीही थांबले तरी तुला पत्ता लागत नाही. आत्ताच बघ, या आधीच्या वाक्यानंतर मी उठले, खोलीभर फिरले, खिडकीशी उभी राहिले, झोपलेल्या मांजराला उगाच डिवचलं आणि परत येऊन बसले. कळलं का तुला? नाही ना.

मी पागेतल्या खोगिरांच्या खोलीत बसलेय. दुपार आहे, घोड्यांना चारा घालून झालाय, जो तो कुठेतरी आडवा झालाय. भिंतीवर ओळीने खोगिरं टांगलेली आहेत, चामड्याच्या तेलाचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास आहे, आणि टेबल म्हणून मी एक पिंप उलटं ठेवलंय. कोपऱ्यात शेगडी आहे. तिच्यावरच्या फळीवर एक रेडिओ आहे, त्यावर एकच स्टेशन लागतं. त्या स्टेशनवरचा माणूस दिवसभर कुठला रस्ता बंद आहे ते सांगत असतो. एक रस्ता तर मी तुझ्याकडून परत आल्यापासून बंदच आहे. मी त्या रस्त्यावरून कधी गेलेली नाही, पुढे जाण्याचाही संबंध नाही, पण आता मला त्याची काळजी वाटायला लागलीय. रोज सकाळी कान देऊन ऐकते, आज तरी उघडला का. हे असं होतं माझं. सांगायचं होतं ते हे की भिंतीपलीकडे काजळी उभी आहे. मधूनच ती पुढच्या पायाने जमीन खरवडते, ते मला इथे ऐकू येतं. उद्या सकाळी तिचा निकाल आहे. मोठ्या रिंगणातले सगळे अडथळे तिने सरळ पार केले तर ती राहील. नाही केले, तर घोड्यांचा डॉक्टर बॅग घेऊन फाटकापाशी उभा असेलच. पागेच्या मालकीणबाईंनी त्याला तसं सांगून ठेवलंय.

काजळी कोण ते तुला सांगायला नको. तिचं नाव काढलं की तू भांडी आपटतेस. पण ती पडली कशी, हे तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस, म्हणून आता ऐक. ओढ्याकडे उतरणारी वाट होती, वर ओल्या पानांचा थर होता. मी तिला हळू चालवत होते, पायरीपायरीने उतरावं तसं. पानांखाली गुळगुळीत दगड होता. तिचा मागचा पाय सरकला, ती बाजूला कोसळली आणि मी उडाले. शेजारी गवत होतं, चिखल होता, पण मी नेमकी तोडून ठेवलेल्या ओंडक्यांवर जाऊन आदळले. ती उठली, आणि ताई, ती गेली नाही. मोकळी होती, लगाम जमिनीवर लोंबत होता, पागेकडची वाट तिला पाठ होती. तरी ती माझ्या डोक्याशी उभी राहिली, माणसं येईपर्यंत. तिच्या नाकातली वाफ माझ्या कपाळावर येत होती. पाय हलवून बघायची मला भीती वाटत होती, म्हणून मी त्या वाफेकडेच लक्ष ठेवून पडले होते. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. कमरेतला खालचा मणका चेपलेला, रिकाम्या खोक्यावर कुणी बसल्यावर ते दिसतं तसा.

तुझ्याकडे मी जेवढी राहिले तेवढी जन्मात कुठे राहिले नव्हते. भाऊजींनी गादीखाली फळ्या टाकल्या आणि मला उठायचं कसं ते शिकवलं, आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपर. स्वतः जमिनीवर झोपून करून दाखवलं, आणि त्यांचीच पाठ धरली. मला हसू येत होतं आणि हसलं की कळ येत होती. तू शिलाई मशीन माझ्या खोलीत आणून ठेवलंस, म्हणालीस इथे उजेड चांगला आहे. उजेड स्वयंपाकघरात जास्त होता. त्या मशीनच्या आवाजात मला झोप लागायची, आणि तू दोरा बदलायला थांबलीस की जाग यायची. आणि ती पँट आठवते? डॉक्टरांनी कमरेला बांधलेला पट्टा सुटल्यावर तू मला नवी पँट शिवलीस. तोंडात टाचण्या धरून म्हणालीस, सरळ उभी राहा. मी म्हणाले, सरळच उभी आहे. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस, मग खाली बसलीस आणि एक पाय जरासा आखूड टाचलास. तेव्हा मला वाटलं, ताईचं माप चुकलं. पँट अंगात घातली तर काय बसली म्हणतेस.

मग मी निघाले. तू चिडलीस, भाऊजींनी डबा दिला. मी कबूल केलं होतं, फक्त खालचं काम करीन, झाडलोट, खरारा, पाणी. आणि तेच करत होते, अगदी खरं. पण पागेत माणसाला एका जागी फार वेळ वाकता येत नसेल, घमेलं उचलता येत नसेल, तर खालचं काम वरच्या कामापेक्षा अवघड असतं. शेण काढून झालं की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. दुखणं गेलं होतं, म्हणजे पूर्वीचं ते ओरडणारं दुखणं. आता जे आहे ते वेगळं आहे. घराच्या दुसऱ्या खोलीत कुणीतरी राहतंय असं. भांडं हलतं, पाऊल वाजतं, दार कधी उघडत नाही, पण घरात आपण एकटे आहोत असं कधीही वाटत नाही. मी त्याच्याशी जमवून घेतलं. एक दिवस काजळीला पाण्यावर नेताना माझी कंबर इतकी धरली की चालवेना. मी कुंपणाच्या दांड्यावर चढले आणि तिच्या पाठीवर बसले, नुसती, खोगिराशिवाय. आणि ताई, बरं वाटलं. तिचं अंग गरम होतं, चाल लोण्यासारखी होती, आणि त्या दुसऱ्या खोलीतलं माणूस एकदम गप्प झालं. तुझ्यासारखी शहाणी असते तर तिथेच उतरले असते.

उतरले नाही. आधी पाण्यापर्यंत, मग शेताच्या कडेने, मग खोगीर घालून रिंगणात. मास्तर ओरडले, मालकीणबाई ओरडल्या, मग दोघंही बघत राहिले, कारण काजळी माझ्याखाली फारच सुंदर चालत होती. मास्तर कोण ते सांगायचं राहिलं. इथे स्वारी शिकवतात ते. इतके ताठ बसतात की जेवताना सुद्धा वरून कुणी शेंडी धरून ठेवलीय असं वाटतं. पोरं त्यांना फूटपट्टी म्हणतात. पण घोड्यावर त्यांच्याइतकं सरळ बसणारा मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्याकडून शाबासकी मिळणं म्हणजे कठीण, आणि ती मला मिळाली. मी नव्या घोड्यांच्या फेऱ्या घ्यायला लागले, पण रोजची खरी स्वारी काजळीवरच. सारा हिवाळा तिच्यावर मी एकटीच बसले, दुसरं कुणी नाही. हे लक्षात ठेव.

हिवाळा सरला तसं एक गिऱ्हाईक आलं, दातांचे डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी घोडा फिरवणारे, हसरे, गोल. ते काजळीवर बसले, दोन पावलं गेले आणि काजळी डावीकडे वळली. ते मात्र सरळच गेले, थेट पाण्याच्या हौदात. सगळे हसले, तेही हसले, मीही हसले. आता आठवलं की हसू येत नाही. मास्तर म्हणाले, गिऱ्हाईकाला बसता येत नाही, घोडीचा दोष नाही, मी दाखवतो. ते चढले. दुडकी चाल ठीक होती, म्हणजे ती सारखी डावीकडे ओढत होती, पण त्यांनी लगामाने धरून ठेवलं. मग त्यांनी तिला अडथळ्यावर घातलं आणि नेहमीसारखी दोन्ही टाचा दाबल्या. तिला चटका बसावा तशी ती उसळली, डावीकडे फेकली गेली आणि कुंपणाच्या खांबावर गेली. खांब आणि घोडी यांच्यामध्ये मास्तरांचा गुडघा होता. तो आवाज मला अजूनही, या खोलीत बसून, ऐकू येतो. मी धावत गेले तेव्हा ते आभाळाकडे बघत पडले होते, तशातही ताठ. मला म्हणाले, "घोडीचं डोकं फिरलंय. तू बसू नकोस तिच्यावर." आता ते प्लास्टरमध्ये आहेत. पुन्हा घोड्यावर बसतील की नाही, कुणी खात्रीने सांगत नाही.

मालकीणबाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. त्या घोडी विकून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्यांनी फार पूर्वी एकदा असाच एक घोडा विकला होता, बाजूला उसळण्याची खोड असलेला. खोड लपवली नव्हती, स्पष्ट सांगून विकला होता. घेणारा म्हणाला, मी सांभाळतो. त्याने सांभाळला, पण त्याची बायको एकदा बसली आणि गेली. मालकीणबाई त्या घरी गेल्या होत्या, त्या माणसाच्या समोर बसल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी ठरवलंय, ज्या घोड्याने माणूस मोडला तो दुसऱ्याच्या दारात पाठवायचा नाही. मास्तरांना गाडीत घातल्यावर त्या काजळीपाशी गेल्या, तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि परत येताना त्यांनी घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचे डोळे लाल होते. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मला काही सुचत नव्हतं. असं झालं की मी हाताला लागेल ते काम करते, तुला माहीत आहे. तुझ्याकडे असताना मी तुझी बटणांची बरणी रंगाप्रमाणे लावून ठेवली होती आणि तुला मग एकही बटण सापडेना. इथे छताखालच्या रिंगणात एका भिंतीला मोठे आरसे आहेत, बसणाऱ्याला स्वतःची बैठक दिसावी म्हणून. त्यांच्यावर इतकी धूळ बसली होती की कुणी त्यांत बघतच नव्हतं. मी बादली घेतली आणि ते घासत बसले, दिवसभर. दुसऱ्या दिवशी काजळीला तिथे फिरवायला नेलं, म्हटलं थोडेच दिवस उरलेत बिचारीचे. वळणावर आरसा समोर आला आणि मला त्यात कुणीतरी वाकडी बाई घोड्यावर बसलेली दिसली. खरंच सांगते, आधी मला वाटलं मागून दुसरं कुणी येतंय. उजवा खांदा खाली, डावा वर, सगळं अंग उजवीकडे ओतलेलं, डावा पाय नुसता लोंबतोय, वाळत घातलेल्या मोज्यासारखा. आणि त्या बाईच्या खाली काजळी दोरीसारखी सरळ चालली होती.

तुला घोड्यातलं कळत नाही असं तू म्हणतेस, तर ऐक, फार सोपं आहे. घोड्याला आपले शब्द कळत नाहीत, वजन कळतं. उजवीकडे भार टाकला की तो उजवीकडे, डावीकडे टाकला की डावीकडे. मी दुखणं सांभाळायला पूर्ण हिवाळा उजवीकडे रेलून बसत होते, आणि मला ते माहीतच नव्हतं. सुरुवातीला ती उजवीकडे वळून बघायची, मी लगामाने तिला सरळ करायचे. होता होता ती शिकली, की उजवीकडे भार म्हणजे सरळ चाल. मग जो कुणी मधोमध बसेल तो तिला काय सांगतो? डावीकडे वळ. आणि डावी टाच तर तिला कित्येक महिन्यांत लागलीच नव्हती, कारण माझा डावा पाय दाबत नाही. मास्तरांनी पूर्ण जोराने ती दाबली, तेव्हा तिला वाटलं कुणीतरी मारलं. तिचं डोकं फिरलेलं नाही, ताई. तिने माझं दुखणं पाठ केलंय, एवढंच. ती जगातली सगळ्यात आज्ञाधारक घोडी आहे, आणि त्यासाठी तिला मारणार आहेत.

मी तशीच मालकीणबाईंकडे गेले, बूट न काढता, त्यांच्या स्वच्छ स्वयंपाकघरात. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं आता म्हणतील, असं होय, मग राहू दे. त्या टेबलावरचा हात बघत म्हणाल्या, "तुझ्याखाली ती सरळ चालते, हे खरं आहे. पण मी तुला तिच्याबरोबर विकू शकत नाही, आणि जन्मभर इथे बांधूनही ठेवू शकत नाही. वाकडी तू केली असशील, तर सरळही तूच कर. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. मधोमध बसून, दोन्ही टाचा लावून सगळे अडथळे पार करून दाखव. तू जरा जरी उजवीकडे झुकलीस, तरी मी तिथेच शिट्टी वाजवीन." मग विचारलं, पाठ कशी आहे. मी म्हणाले, बरी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तू टाचण्या तोंडात धरून बघितलं होतंस तसंच.

तर आता तुला कळलं, उद्या तिच्यावर कोण बसणार आहे. भांडी आपटू नकोस, पुढचं वाच.

मधोमध बसणं म्हणजे काय ते तुला कसं सांगू. चांगल्या माणसाला ती बसायची सगळ्यात सोपी जागा असते. मी पहिल्यांदा मधोमध बसले तेव्हा त्या दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. जो कोण आत राहत होता तो बाहेर आला, आणि तेव्हापासून परत गेला नाही. पण काजळी शिकायला लागली. पहिल्या दिवसांत ती सारखी डावीकडे जायची, कान मागे टाकून, आपलं काय चुकतंय हे न कळून. मी तिला थांबवायचे, थोपटायचे, पुन्हा मधोमध बसायचे, पुन्हा चालवायचे. डावी टाच आधी नुसती टेकवायची, पीस टेकवावं तशी. हळूहळू ती सरळ व्हायला लागली. परवा तिने तीन अडथळे ओळीने सरळ पार केले आणि मी तिच्या मानेला मिठी मारून रडले, तिला ते आवडलं नाही.

मधे एक गंमत झाली. इथल्या स्वयंपाकीणबाई चहा ओतत असताना किटली कलंडली आणि उकळता चहा माझ्या डाव्या पावलावर सांडला. त्या किंचाळल्या, मी त्यांच्याकडे बघत राहिले, की ही बाई का किंचाळतेय. मग खाली बघितलं. मोजा वाफाळत होता. सगळे म्हणाले, काय सोसण्याची ताकद आहे पोरीची. मीही जरा फुशारले. नंतर एकदा पावसाच्या चिखलातून येत होते, दारापाशी पोचले तर डाव्या पायात बूटच नाही. मागे वळून बघते तर तो पार कुंपणापाशी चिखलात उभा, एकटाच, माझी वाट बघत असल्यासारखा. तेव्हा मात्र मी कुणाला सांगितलं नाही. काजळी जशी सरळ होत चाललीय तशी माझी डावी बाजू मला सोडून चाललीय, एवढं मला कळतंय. या दोन गोष्टी एकाच दोराला बांधल्यासारख्या आहेत. इकडून ओढलं की तिकडचं सुटतं.

हाडांच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. म्हणाले, पावलाला मुंग्या येतील, त्याला घाबरू नका. पण बधिरपणा गुडघ्याच्या वर चढला, तर हातातला घास खाली ठेवा आणि निघून या, उशीर केला तर पाय परत मिळणार नाही, कदाचित आणखीही काही परत मिळणार नाही. इथे चामडं शिवायची जाड सुई असते. मी रोज सकाळी तिने टोचून बघते. गेल्या आठवड्यात घोट्यापर्यंत काही कळत नव्हतं. काल गुडघ्यापर्यंत. आज सकाळी मी मांडीवर सुई टेकवली आणि वाट बघत बसले. रक्ताचा थेंब आला, पण मी अजून वाटच बघत होते. उद्या दुपारी मी डॉक्टरांकडे जाणार आहे, शपथ. नालबंदकाकांना, म्हणजे इथे घोड्यांना नाल ठोकतात त्यांना, गाडी तयार ठेवायला सांगितलंय. फक्त सकाळ जाऊ दे.

अडचण एवढीच आहे की डावी टाच प्रत्येक अडथळ्याला दाबायची आणि ती दाबली गेली की नाही हे मला कळत नाही. पाऊल रिकिबीतून, म्हणजे खोगिराच्या त्या पाय अडकवायच्या कडीतून, निसटलं तरी कळत नाही, दोनदा निसटलं. पाय लोंबला की काजळीला जुनं आठवतं, आणि ती डावीकडे जाते. म्हणून मी नालबंदकाकांकडे एक छोटा पट्टा मागितला, बक्कल असलेला. त्यांनी विचारलं कशाला. मी सांगितलं, पाय रिकिबीला बांधायला. त्यांनी हातोडा खाली ठेवला. म्हणाले, "बांधलेला पाय पडताना सुटत नाही, पोरी. घोडा धावत राहतो." मी म्हटलं मला माहीत आहे. हे घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्यांनी पट्टा दिला नाही आणि आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीयेत. मी जुन्या लगामाचा तुकडा घेतला आणि दुपारी इथे बसून शिवला. टाका सरळ आलाय. तू बघितला असतास तर नावं ठेवली नसतीस.

आता मला काय हवंय ते. मालकीणबाईंची एक रीत आहे. घोड्यामुळे कुणाचं काही झालं, तर त्या घोड्याचं काय करायचं हे त्या स्वतः ठरवत नाहीत, त्या माणसाच्या सगळ्यात जवळच्याला विचारतात, आणि ते जे म्हणतील तेच करतात. मास्तरांना कुणीच नाही, म्हणून तेवढा निर्णय मालकीणबाईंवरच पडला. काल त्यांनी सहज विचारावं तसं मला विचारलं, तुझ्या जवळचं कोण. मी तुझं नाव सांगितलं. हे पत्र मी टपालात टाकत नाहीये, नालबंदकाकांच्या हातात देणार आहे, बोलत नसले तरी घेतील. सगळं नीट झालं तर ते मी त्यांच्याकडून परत घेऊन शेगडीत घालीन आणि तुला फोन करून रेडिओवरच्या त्या रस्त्याबद्दल सांगीन. नाही तर काका फाटकापाशी तुझी वाट बघतील, तू आत जाण्याआधी तुझ्या हातात देतील. मग तुला स्वयंपाकघरात बसवतील, पाणी देतील, आणि मालकीणबाई विचारतील, घोडीचं काय करायचं. डॉक्टर बाहेरच असेल. तुला जे म्हणावंसं वाटेल ते मला माहीत आहे. ते म्हणू नकोस. तिने उद्या काहीही केलं असलं तरी ते मी शिकवलेलंच असेल, आधीचं वाकडं किंवा आत्ताचं अर्धवट सरळ. तिला शिकायला वेळ लागतो, पण ती शिकते. सरळ बसणारं, न दुखणारं कुणीतरी तिला मिळायला हवं. तू फक्त म्हण, राहू दे तिला. रडत म्हण, रागाने म्हण, माझ्या नावाने बोटं मोडत म्हण. पण म्हण.

तुझीच,
भिंगरी